टोपणनावाने देवाधर्माबद्दल बोलणं म्हणजे खोटं बोलणं का?

राम कृष्ण हरी माऊली.

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. घर माळकरी, वडील कीर्तनकार, गळ्यात लहानपणापासून माळ. पण गेली काही वर्षं नाम घेताना आत काहीच हलत नाही, मग ही माळ घालून हिंडणं ढोंग आहे का, हे तुम्हाला ऑनलाइन कुठेतरी विचारायचंय. खऱ्या नावाने विचारलं तर संध्याकाळच्या आत वडिलांना कोणीतरी फोन करणार. टोपणनावाने विचारलं तर 'देवाच्या गोष्टीत सुरुवातच खोट्याने केली' ही टोचणी. आणि वर हे, की तिकडे उत्तर देणारे 'हरिदास', 'स्वामीसेवक', 'रोखठोक' वगैरे खरे कोण, त्यांच्यावर कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा.

मी बरीच वर्षं मराठीतल्या अध्यात्माच्या ग्रुपांवर मॉडरेटरचं काम करतोय, आधी धागे-प्रतिसादवाल्या संस्थळांवर, मग फेसबुक, मग टेलिग्राम. स्वतः माळकरी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग कारणं. नाव न सांगणं हे खोटं बोलणं नाही. तुम्ही जे नाही ते आहात असं भासवणं हे खोटं बोलणं. या दोन गोष्टींची लोक सारखी गल्लत करतात, आणि त्यामुळे होतं काय की खरं बोलणारा पण नाव झाकणारा बिचारा अपराधी वाटून घेतो, आणि फोटो-नाव-गाव सगळं लावून थापा मारणारा उजळ माथ्याने फिरतो.

दुसऱ्या प्रकारापासूनच सुरुवात करू, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. तुमच्या घरच्या नाहीतर भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जा. सगळे खऱ्या नावाने, प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाकडे. एकादशीला सकाळी सहापासून विठ्ठलाचे फोटो सुरू. त्यातला एक तरी कधी लिहितो का की मी आज उपास धरला नाही, किंवा श्राद्धाला बसलो होतो पण लक्ष सगळं ऑफिसच्या मेलकडे होतं? नाही लिहीत, लिहूच शकत नाही, कारण तिथे आत्या आहे, सासरे आहेत, आणि गावचे ते एक काका आहेत जे स्क्रीनशॉट काढून ठेवतात. खऱ्या नावाच्या जागी माणूस धर्माबद्दल बोलताना खरं कमी आणि शोभेलसं जास्त बोलतो. हा काही त्याचा दुष्टपणा नाही, भीड आहे.

आणि याच माणसाला टोपणनाव दिलं की तो काय लिहितो ते मी बघितलंय. कीर्तन करताना समोरचे लोक रडतात आणि मी मनात पाकिटाचा हिशोब करत असतो. सासूबाईंच्या सोवळ्याचा मला कंटाळा आलाय पण देव मला हवाय. पाळीच्या दिवसांत मी गुपचूप दिवा लावते, काहीही झालं नाही, आता पुढे काय. मुलगा गेल्यापासून देवघराकडे बघवत नाही. असं एकेक. यातलं एकही वाक्य त्या लोकांनी खऱ्या नावाने लिहिलं नसतं, आणि माझ्या मते श्रद्धेबद्दल मराठीत जे सगळ्यात प्रामाणिक लिहिलं गेलंय त्यातलं बरंच असंच निनावी पडलेलं आहे. जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर लिहिलं होतं, की ऑनलाइन आल्यावर माणसाचा संकोच सुटतो आणि तो दोन्ही दिशांना सुटतो, काहींचं मन मोकळं होतं आणि काहींची जीभ. मॉडरेटर म्हणून मी या दोन्हींच्या मधे उभा असतो, त्यामुळे मला ते पुस्तकातून कळायची गरज पडली नाही, पण म्हटलंय बरोबर.

आता आपल्याच इतिहासातलं एक उदाहरण देतो, कारण तुमची जी कोंडी आहे ती मुंबईत पावणेदोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलीये.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. दादोबा पांडुरंग, ज्यांना आपण मराठी व्याकरणामुळे ओळखतो, ते यात पुढे होते, त्याआधी १८४४ मध्ये सुरतेत मानवधर्म सभेतही ते होते. यांचं म्हणणं एकच ईश्वर, मूर्तिपूजा नको, जातिभेद नको. नास्तिक नव्हते हे लक्षात घ्या, प्रार्थना म्हणणारी श्रद्धाळू माणसं होती. पण सगळं गुप्त. सभेत यायचं तर जात मानत नाही हे दाखवायला सगळ्यांसमोर पाव खायचा, जो त्या काळी ख्रिस्ती किंवा मुसलमान भटारखान्यातला म्हणून उच्चवर्णीय हिंदूला वर्ज्य होता. रात्री पाव खायचा आणि सकाळी घरी जाऊन सोवळं नेसायचं. असं दहाएक वर्षं चाललं. मग १८६० च्या सुमारास सभेचं दप्तर चोरीला गेलं, सभासदांची नावं फुटली, आणि सभा बसली ती बसलीच. त्यातल्याच काही लोकांनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला, आत्माराम पांडुरंग म्हणजे दादोबांचे धाकटे भाऊ त्यात होते, आणि तो मात्र उघड होता, नावानिशी.

आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा लीक झाला. लोक या गोष्टीवरून त्या सभासदांना भित्रे म्हणतात, मला तसं म्हणवत नाही. तेव्हा वाळीत टाकणं म्हणजे पाणी बंद, पंगत बंद, पोरीचं लग्न बंद, आणि मेल्यावर खांदा द्यायला कोणी नाही. त्यांचं चुकलं असेल तर ते गुप्त राहण्यात नाही, माझ्या मते चुकलं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे सगळी नावं एका जागी लिहून ठेवली. दुसरं जास्त महत्त्वाचं. त्यांचं गुप्तपण आतल्या आतच राहिलं, बाहेर कोणाशी वादच नाही, नुसतं आपण आपल्यात. आता त्याच सुमाराला, १८४८ पासून, 'प्रभाकर' साप्ताहिकात लोकहितवादी या नावाने पत्रं यायला लागली होती. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख, सरकारी नोकर. टोपणनाव त्यांचंही होतंच. पण ती पत्रं उघड छापली जात होती, मुद्दे सगळ्यांसमोर होते, ज्याला राग आला त्याला खोडून काढायची सोय होती, आणि शंभरावर पत्रं एकाच नावाने आल्यामुळे हा माणूस काल काय म्हणाला होता तेही वाचकाला धरता येत होतं. नाव झाकलेलं पण भूमिका उघडी. मला विचाराल तर तुमच्यासाठी नमुना तो आहे, सभा नाही.

आणि वारकऱ्याला तर यात अपराधी वाटायचं काहीच कारण नाही, कारण आपल्याकडे सही करायची पद्धतच वेगळी होती. एकनाथ 'एका जनार्दनी' म्हणतात, म्हणजे गुरूचं नाव आपल्याला चिकटवून. जनाबाई 'नामयाची दासी', नाहीतर 'दासी जनी'. आडनाव, गाव, जात यांतलं काहीच नाही, मी कोणाचा आणि कुठे उभा आहे एवढंच सांगतात, आणि ते खरं असतं. याची दुसरी बाजूही आहे. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या काळातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग असे मिसळलेत की अभ्यासक अजून वेगळे करतायत, तिथे फसवायचा हेतू असेल असं मला वाटत नाही, भक्तीत मिसळून गेलं ते. पण तुकोबांच्या वेळचा तो साळोमाळो, जो दुसऱ्याच्या वचनांची मोडतोड करून स्वतःच्या नावावर खपवायचा, त्याच्यावर तुकोबा चिडलेत, आणि चांगलेच चिडलेत. बघा, साळोमाळोने नाव लपवलं नव्हतं. उलट जिथे त्याचं नाव नको तिथे घातलं. म्हणजे परंपरेला खटकलं ते झाकलेलं नाव नाही, दुसऱ्याचा अनुभव आपला म्हणून सांगणं खटकलं.

हाच साळोमाळो आज ग्रुपाग्रुपांवर जिवंत आहे. 'मला स्वतःला आलेला अनुभव' म्हणून जी पोस्ट येते, अपघात झाला, रस्त्यात एक म्हातारे बाबा भेटले, पाणी दिलं, वळून बघतो तर कोणी नाही, ती मी अक्कलकोटच्या स्वामींच्या नावाने वाचलीये, शेगावच्या महाराजांच्या नावाने वाचलीये, साईबाबांच्या नावाने वाचलीये, घाटाचं नाव फक्त बदललेलं. पोस्ट करणाऱ्याचं नाव-आडनाव-फोटो सगळं खरं. विचारलं की 'भाव महत्त्वाचा, तुम्ही कशाला कीस पाडता'. मला स्वामींच्या अनुभवांबद्दल शंका घ्यायची नाहीये, ज्याला आला त्याला आला. पण जो तुम्हाला आला नाही तो 'मला' असा लिहू नका एवढंच, 'वाचलेलं आहे, आवडलं' असं लिहायला काय जातं?

याहून वाईट प्रकार म्हणजे डुआयडींची, म्हणजे एकाच माणसाने काढलेल्या डुप्लिकेट आयडींची साखळी. एक आयडी येतो, रडवेला प्रश्न विचारतो, लग्न जमत नाही, धंद्यात खोट. दुसरा म्हणतो अमुक ठिकाणी एक महाराज आहेत. तिसरा म्हणतो अहो मलाही तिथूनच गुण आला. चौथा नंबर मागतो, आणि दुसरा म्हणतो इनबॉक्समध्ये देतो. चारही एकच माणूस. हे ओळखायला काही हेरगिरी लागत नाही, चौघांच्याही लिखाणात 'आशीर्वाद' हा शब्द एकाच पद्धतीने चुकलेला असतो, चौघेही रात्री एकाच वेळेला जागे होतात, आणि एकमेकांशी कधी म्हणजे कधीच मतभेद होत नाही. खऱ्या भक्तांमध्ये असं एकमत मी तरी पाहिलेलं नाही, दोन वारकरी एकत्र बसले तर चाल कुठली लावायची यावरून पहिला वाद होतो. अशी साखळी दिसली की मी चौकशी करत बसत नाही, चारही उडवतो. रोगावर चमत्काराने इलाज किंवा जादूटोण्याने गुण असा दावा असेल तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तेही सांगून ठेवतो.

आणि मग 'मी स्वतः अमुक आहे, पण' वाले. 'मी स्वतः कट्टर वारकरी आहे पण वारी बंद व्हायला हवी.' 'मी स्वतः मुस्लिम आहे आणि आमच्यात असंच शिकवतात.' यातले काही खरे असतात, आणि त्यांचं बोलणं फार मोलाचं असतं, म्हणून तर नकली लोक तो वेष घेतात. आतल्या माणसाच्या टीकेला जे वजन असतं ते फुकटात हवं असतं त्यांना. पण वेष रोजच्या साध्या गोष्टीत फाटतो. एक 'मुस्लिम' आयडी रमजानच्या रोज्यात दिवसभर अधूनमधून पाणी प्यायलं तर चालतं म्हणाला, जे मुसलमानाच्या शेजारी राहणाऱ्या पोरालाही माहीत असतं की चालत नाही. एक 'दरवर्षी माऊलींच्या पालखीत चालणारा' रोटी घाटाच्या चढाचं वर्णन करत होता, आता रोटी घाट तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर, माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते ती दिवे घाटाने. पण सांभाळून हं, हे परीक्षा घेण्यासाठी वापरू नका. खऱ्या वारकऱ्यालाही दहा गोष्टी माहीत नसतात आणि वीस गोष्टी तो विसरतो. उगाच प्रत्येकाची जात-परंपरा तपासत बसणारे ग्रुप मी पाहिलेत, तिथे शेवटी तपासणारेच उरतात.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मी नावाकडे बघतच नाही, आयडी किती जुना आहे आणि त्याचं मागचं लिखाण काय आहे ते बघतो. एकाच नावाने दोन-चार वर्षं लिहिणारा 'रोखठोक' हा मला काल आलेल्या खऱ्या नाव-फोटोवाल्यापेक्षा जास्त ओळखीचा असतो. त्याला कोणी चूक दाखवली तेव्हा तो काय करतो, धागा सोडून पळतो की 'बरोबर, मला हे ठाऊक नव्हतं' म्हणतो? स्वतःच्या बाजूच्या माणसाने खोटं छापलं तर टोकतो का? ज्याच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे कधीच आलं नाही अशा माणसाकडून, मग तो ह.भ.प. असो नाहीतर विवेकवादी, श्रद्धेबद्दल सल्ला घेऊ नये असं माझं पक्कं मत आहे.

'सगळ्यांना खऱ्या नावाची सक्ती करा म्हणजे घाण साफ होईल' असं दर दोन महिन्यांनी कोणीतरी सुचवतं. दक्षिण कोरियाने केलं होतं. २००७ पासून मोठ्या वेबसाइटवर प्रतिक्रिया द्यायची तर खरी ओळख नोंदवा असा कायदा. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर फोडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, म्हणजे परमहंस सभेचं दप्तर, फक्त आकडा वेगळा. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आपल्याकडे तर खऱ्या नावाची किंमत काय असते हे वेगळं सांगायला नको. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून, त्यातल्या एकीला ती पोस्ट नुसती लाइक केली म्हणून, अटक झाली. तो विषय धर्माचाही नव्हता, बंदचा होता. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाचा त्यात वापर झाला ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये काढून टाकलं, पण मुलींचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. डॉ. दाभोलकर आयुष्यभर स्वतःच्या नावाने बोलले, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते नावानिशी. या माणसांचं मोठेपण मान्यच आहे, पण आपल्या पोरीच्या शाळेची फी भरणाऱ्या साध्या माणसाकडून तीच अपेक्षा ठेवून 'हिंमत असेल तर नाव सांग' म्हणणं हा मला फालतूपणा वाटतो. असं म्हणणारे बहुतेक वेळा बहुसंख्येच्या बाजूचे असतात, त्यांना नाव सांगायला काहीच पडत नाही.

बहिष्कार ही जुनी गोष्ट झाली असंही नाही. दाऊदी बोहरा समाजातल्या सुधारणावाद्यांना विचारा. समाजाबाहेर काढणं रोखणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा होता, तो १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतःचा कायदा केला २०१६ चा, तो लागू झाला २०१७ मध्ये. इतक्या अलीकडे असा कायदा लागला याचाच अर्थ माणसं अजून वाळीत पडतायत. त्यामुळे एखाद्याने आपल्या पंथाबद्दलची शंका टोपणनावाने विचारली तर त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवायचा अधिकार मला नाही.

मात्र नाव झाकणं कुठे चालणार नाही तेही सांगतो. तुम्ही स्वतःबद्दल बोलताय, स्वतःची शंका, स्वतःचा कोरडेपणा, तिथे नावाची गरज शून्य. पण दुसऱ्या माणसाचं नाव घेऊन आरोप करताय, अमुक महाराजांनी पैसे खाल्ले, अमुक संस्थानात गैरव्यवहार, आणि स्वतः मात्र पडद्याआड, तर मी ती पोस्ट ठेवत नाही, कारण ज्याच्यावर आरोप झाला त्याने उत्तर कोणाला द्यायचं? पुरावा घेऊन धर्मादाय आयुक्तांकडे जा, पोलिसांत जा. याला अपवाद एक, लैंगिक अत्याचाराचा. तिथे पीडितेचं नाव कायद्यानेच उघड करता येत नाही, आणि अशी बाई किंवा मुलगा ग्रुपवर बोलायला आला तर मी आधी धाग्यावरच्या प्रतिक्रिया बंद करतो, मग त्यांना हेल्पलाइन, वकील यांच्याशी जोडून द्यायचं बघतो, कारण भाविकांचा ग्रुप 'आमच्या महाराजांबद्दल असं कसं बोलता' म्हणून तुटून पडतो, अगदी चांगली चांगली माणसं पडतात. दुसरी जागा म्हणजे अधिकाराने सल्ला. मधुमेह आहे, निर्जळी उपास करू का असं कोणी विचारलं आणि 'गुरुकृपा' नावाचा आयडी बिनधास्त करा म्हणाला, तर मी त्याला विचारतो तू डॉक्टर आहेस का, कोण आहेस, आणि नसशील तर गप्प बस.

कायद्याचं थोडक्यात. टोपणनाव हे कवच नाही. पोलिसांनी रीतसर मागितलं तर कंपनीकडून आयपी, नंबर निघतो. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं २९५अ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९९ आहे, जुलै २०२४ पासून, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलं असावं लागतं. माळेबद्दलची शंका त्यात बसत नाही. तरी तक्रार कोणीही करू शकतो, म्हणून भाषा जपा. आणि अॅडमिन मंडळींसाठी, सदस्याने टाकलेल्या पोस्टसाठी व्हॉट्सअॅप अॅडमिनला त्याचा स्वतःचा सामील हेतू असल्याशिवाय जबाबदार धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, तेव्हा उगाच घाबरून प्रत्येक शंकेखोराला काढू नका.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, तिथे नंबर दिसतो. फेसबुक ग्रुपात अनामिक पोस्टची सोय असते पण ती ग्रुपच्या अॅडमिन-मॉडरेटरपासून अनामिक नसते, त्यांना तुमचं नाव दिसतं, आणि अॅडमिन तुमच्याच तालुक्याचा निघाला तर आनंदच. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो पण सेटिंगमध्ये जाऊन स्वतः लपवावा लागतो, आणि नंबरावरून मला कोण शोधू शकेल हेही तिथेच कमीत कमी करा, तरी नवीन खातं उघडलं की तुमचा नंबर सेव्ह असलेल्या मावसभावाला 'अमुक टेलिग्रामवर आला' असा निरोप जाऊ शकतो, ते धरूनच चला. नवीन नाव घ्या, जे दुसरीकडे क्रिकेटच्या नाहीतर गेमच्या ग्रुपवर वापरत नाही असं.

पण माणूस नंबरामुळे कमी आणि तपशिलामुळे जास्त सापडतो. वारकऱ्यांचं जग फार छोटं आहे. 'आमची दिंडी रथामागे अमुक नंबरची, वडील कीर्तनकार, आमच्या गावच्या सप्ताहात' एवढं लिहिलंत की खेळ खल्लास, नाव लिहायची गरजच नाही. इथे लोक काय करतात, तपशील बदलतात, सातारा असेल तर नांदेड लिहितात, वडिलांचे मामा करतात. मी सांगतो गाळा, बदलू नका. 'घरात परंपरा आहे' एवढं पुरतं, कीर्तनकार सांगायचं कारणच नाही. बदलल्याशिवाय गोष्ट कळतच नसेल तर वर एक ओळ टाका, ओळख लपवायला काही तपशील बदललेत म्हणून. मग तुमच्या मनातली ती टोचणी उरत नाही, आणि वाचणाराही फसत नाही. दुसरा आयडी काढून स्वतःच्याच धाग्याला 'छान प्रश्न' म्हणायचा मोह होईल, धागा खाली जायला लागला की होतोच. नको.

कोणी विचारलं 'तुम्ही अमुक बुवांचा मुलगा का?' तर 'नाही' म्हणू नका. 'मी कोण ते सांगणार नाही' म्हणा. पहिलं खोटं आहे, दुसरं नाही, आणि पुढे कधी कळलंच तर घरी तोंड दाखवायला दुसरंच उपयोगी पडतं. कधीतरी कळेल हे धरूनच चला. म्हणजे लिहिताना असं लिहा की वडिलांनी ते वाचलं तर त्यांना शंकेचं दुःख होईल, पण पोराने आपली चारचौघांत टिंगल केली असं वाटणार नाही. कीर्तनकार आहेत ना, तुकोबांनी विठ्ठलाशी केलेली भांडणं त्यांना पाठ असतील. देव भेटत नाही, मन लागत नाही, मी नुसताच बोलतो, हे सगळं गाथेत 'तुका म्हणे' अशी सही करून लिहिलेलं आहे. त्यामुळे मला तर अशी दाट शंका आहे की तुम्ही ज्यांच्यापासून लपवताय त्यांना हा प्रश्न नवा नसावा. पण ते तुमचं तुम्ही ठरवा, तुमच्या घरातलं मला काय माहीत.

धाग्याचं शीर्षक 'माळ घालणं ढोंग आहे का' असं ठेवू नका, त्यावर काडी टाकणारे आणि चिडणारे दोघेही धावत येतील आणि तुम्ही बाजूला राहाल. 'नाम घेताना काही जाणवत नाही, तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का' असं ठेवा. आणि आषाढीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत टाकू नका. तेव्हा ज्यांनी खरंच उत्तर द्यायला हवं ते रस्त्यावर चालत असतात, फोनला चार्जिंग नसतं, आणि धाग्यावर आम्ही घरी बसलेलेच ज्ञान पाजळत असतो. पौर्णिमेचा काला झाला, मंडळी घरी पोचली, पाय शेकून झाले की टाका.